लागला का रं?

१

मोटारीचा मागचा दिवा बदलायला अक्कल लागत नाही, माणसं दोन लागतात. एक मागं, एक पुढं.

मागच्यानं लाल काच काढायची, मेलेला बल्ब दाबून फिरवून बाहेर घ्यायचा, नवा तसाच दाबून बसवायचा. पुढच्यानं ब्रेकवर पाय दाबायचा आणि विचारायचं, "लागला का रं?" मागच्यानं दिवा बघून सांगायचं, "लागला, सोड." तोवर पुढच्यानं पाय उचलायचा नाही. आमच्या धंद्यात हे कुणी शिकवत नाही, ज्याला त्याला आपोआप येतं.

माझ्या दुकानात मात्र एक नियम जास्तीचा होता. मागच्यानं आधी बाजूला व्हायचं, मग तोंड उघडायचं. कारण असं, की मिरजेत माझ्या दुकानाचं अंगण रस्त्याकडून मागच्या भिंतीकडं उतरत जातं. भिंत काळ्या दगडाची, उंच. दुपारच्या उन्हात लाल दिवा लागला की विझला कळत नाही, म्हणून गाडी फिरवून तिची पाठ भिंतीच्या सावलीत करायची. मग गाडी आणि भिंत यांच्यात उरते ती जागा जेमतेम एका माणसाची. चाकाखाली उटी, म्हणजे लाकडाची पाचर, ठोकल्याशिवाय तिथं मी बापाला जाऊ दिलं नसतं. जुन्या गाड्यांचे हातब्रेक म्हणजे नुसती शोभेची दांडी. ओढा नाहीतर सोडा, गाडी आपल्या मर्जीनं चालणार.

हे सगळं आधी सांगतो, कारण लोक अजून विचारतात, "रहिमान मिस्त्री, तुमच्यासारखा माणूस हजर असताना असं झालंच कसं?" विचारणाऱ्याचं तोंड फोडावंसं वाटतं. पण ते तरी काय चूक विचारतात?

२

लढाई संपून वर्ष झालं होतं. पलूसच्या भाऊसोंची टूरर, म्हणजे कापडी टपाची, गाडी बैल जुंपून माझ्या दारात आणली होती. भाऊसो म्हणजे ऊसवाले बागायतदार, माणूस मोठा, बोलणं गोड. गाडीचं तोंड पार चेंबलेलं. म्हसवडच्या रस्त्याला लॉरीनं पुढून ठोकली होती आणि त्यात त्यांचा ड्रायव्हर अर्जुना जागेवर गेला होता. मी विचारलं नाही कसं. लोखंडाशी माझं काम, मयताशी नाही.

चार महिने घालून मी ती गाडी उभी केली. याच्या गाडीचा रेडिएटर, त्याच्या गाडीचा मडगार्ड, बाकी माल पुण्याच्या लष्करी डिस्पोजलमधला, फौजेनं विकून टाकलेला. मागची बाजू जशीच्या तशी होती, तिला ओरखडासुद्धा नव्हता. तिथं फक्त ब्रेकच्या दिव्याचा बल्ब गेलेला.

या गाडीवर आमचं घर आस लावून बसलं होतं. कारण याकूब. याकूब माझा धाकटा भाऊ, पण आई गेली तेव्हा तो पाळण्यात, म्हणून माझ्या बायकोनं, रहिमतबीनं, त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. चार वर्षं त्यानं तिकडं इराकात, बसऱ्याला फौजेच्या लॉऱ्या चालवल्या. गावची किती पोरं परत आली नाहीत, हा आला, दोन हात दोन पाय शाबूत घेऊन. आला आणि रिकामा बसला. जरिनाशी त्याचा निकाह ठरला होता, पण तिच्या बापानं साफ सांगितलं, आधी नोकरी, मग मुलगी. आणि भाऊसोंनी शब्द दिला होता, "गाडी चालाय लागली की याकूब माजा ड्रायव्हर."

रहिमतचं एकच पालुपद. "आवं, पोरगं लढाईतनं माघारी आलंय. आता ते माझ्या डोळ्यापुढनं हलाय नको."

"मग गाडी काय अंगणात गोल गोल फिरवू दे?" मी म्हणायचो.

तर राहिला होता तो मागचा बल्ब. मी नवा बसवला. याकूबनं पुढून पाय दाबला. घरात आम्ही आमचं दख्खनी बोलतो, पण दुकानात भाषा मराठी, तेव्हा तोही तसंच ओरडला, "लागला का, भाई?" मी बाजूला झालो, म्हणालो, "लागला, सोड." काम संपलं. सकाळी बघतो तर बल्ब मेलेला.

नवा माल असा निघतोच. मी दुसरा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्री करायला काच काढली आणि बल्बला बोट लावलं. बोट भाजलं. आदल्या संध्याकाळपासून त्या गाडीला कुणी हात लावलेला नव्हता.

३

मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. नमाज पढतो, बाकी माझा भरवसा पान्यावर. बल्ब गरम म्हणजे दिवा रात्रभर लागलेला. दिवा लागलेला म्हणजे तारेत कुठं तरी घोटाळा. मी मागून पुढंपर्यंत तार नवी ओढली. दिवा परत गरम. पायाखालची फळी काढून स्विच तपासला. ब्रेकचं पेडल दाबलं की कांब ओढली जाते, कांबेनं स्विच ओढला की दिवा लागतो. त्यात बिघडायला आहेच काय? स्प्रिंग चांगली, स्विच चांगला.

"आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी," याकूब हसला. "भाई, दिवा मागं हाय, तू पुढं काय उकरतोस?"

"तुझ्या फौजेत शिकवलं असंल तर तू कर," मी खेकसलो. तो आणखी हसला. त्याचं हसणं असं होतं की आपला राग आपल्यालाच खोटा वाटायचा.

त्या दुपारी तो पेट्रोलच्या कुपनांसाठी सांगलीला गेला. शेजारच्या गल्लीत सतारीची दुकानं आहेत. तिथं कुणी तरी एकच तार सारखी पिळून वाजवून बघत होतं. मी भिंतीच्या सावलीत बसून काचेचे स्क्रू आवळत होतो, डोक्यात तारांचा गुंता. समोर दिवा लागलेला दिसला. पुढून आवाज आला, "लागला का रं?"

मी उठलो, बाजूला झालो, म्हणालो, "लागला, सोड."

दिवा गेला. गाडी बोटभर मागं आली आणि उटीवर कुरकुरली.

मी हात पुसायला लागलो. हात पुसता पुसता ध्यानात आलं, की याकूब सांगलीला आहे.

पुढं जाऊन बघितलं. सीटवर कुणी नाही. दार बंद. घरात रहिमत भाकरी थापत होती, तिचा थपथप आवाज इथवर येत होता. मी स्वतःला म्हणालो, रस्त्यावरचं कुणी तरी ओरडलं असेल. गल्लीत माणसं काय कमी आहेत? तरी एक गोष्ट मनातून जाईना. गाडी उटीवर टेकली ती मी बोलल्यानंतर. त्याच्या आधी उटीवर भार नव्हता. मग इतका वेळ उतारावर ती गाडी कशानं थांबली होती?

मी तिथंच उभा राहिलो. थोड्या वेळानं माझ्या डोळ्यांदेखत पेडल खाली गेलं. हळू, सवयीच्या पायानं दाबावं तसं. मागं भिंतीवर तांबडा उजेड पडला. मी वाकून पेडलखाली हात घातला आणि वर उचलायला गेलो. उचलेना. पाण्यात भिजलेलं वाळूचं पोतं ठेवावं तसा त्यावर भार होता. मी, घण मारणारा माणूस, दोन्ही हातांनी ओढतोय आणि ते केसभरही हलत नाही.

शेजारची तार वाजायची थांबली होती. माझ्या डोक्याच्या वर, सीटवर जिथं माणसाचं तोंड येईल तिथून, अगदी शांत आवाजात कुणी तरी म्हणालं, "लागला का रं?"

मी घरात जाऊन तांब्याभर पाणी प्यालो. रहिमत म्हणाली, "आवं, तोंड असं का झालंय?" मी म्हणालो, ऊन लागलं.

४

दुसऱ्या दिवशी भाऊसो गाडी बघायला आले. याकूब चहा सांगायला गेला तसा मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "भाऊसो, अर्जुना कसा गेला?"

"लॉरीनं ठोकलं की. तुमास्नी ठाव हाय."

"मला लोखंडाचं ठाव हाय. माणसाचं सांगा."

भाऊसोंचा चेहरा उतरला. ते पागोट्याचा पदर चिवडायला लागले. मग बोलले ते खाली मान घालून.

"चढ हुता. दिस मावळाय टेकला हुता आन् मागचा दिवा गेल्याला. अर्जुना म्हणला, मी पाय दाबून बसतो, तुमी मागं जाऊन बल्ब घाला, आन् लागला की बाजूला हून मला हाळी द्या. हातब्रेक नव्हताच, तुमास्नी म्हाईत हाय. मी बल्ब घातला. लागला. आन् मला लय जोराची लागली हुती, मिस्त्री. मी तसाच बाभळीच्या आड गेलो. म्हणलं, आल्यावर सांगू."

"हाळी दिली न्हाई?"

"न्हाई दिली. वरनं लॉरी आली, तिचे ब्रेक गेल्याले. अर्जुनाला समोरनं दिसत हुती. दार हातापाशी हुतं, उडी टाकून वाचला असता गडी. पर पाय उचलला असता तर गाडी मागं आली असती, आन् त्याला वाटलं मी मागंच हाय." त्यांचा आवाज फाटला. "वरडत हुता, मिस्त्री. लागला का, लागला का रं, म्हणून वरडत हुता, मालक-नोकर इसरून. मी आयकत हुतो. बाभळीआडनं. काढला तवा पाय पेडलवर तसाच हुता."

माणसाच्या अंगावर ओरडावंसं वाटलं आणि त्याची कीवही आली. याकूब चहा घेऊन आला. भाऊसो पेल्याला तोंड न लावता उठले. जाताना म्हणाले, "परवा असरच्या टायमाला, दिस कलल्यावर येतो. गाडी घिऊन जाऊ."

रात्री जेवताना मी याकूबला म्हणालो, "ती गाडी घ्यायची न्हाई."

"का?"

मी सगळं सांगितलं. तो जेवायचा थांबला आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "भाई, बसऱ्याला मी मेलेल्या दोस्ताशेजारी बसून भाकरी खाल्ली. मेलेलं माणूस काय करत न्हाई. जितंच करतंय काय ते."

"तू घेणार न्हाईस. सांगतोय न्हवं?"

"मग काय करू? जन्मभर तुझे पाने पुसू? जरिनाचा बाप दुसरं ठिकाण बघाय लागलाय." तो पहिल्यांदाच माझ्यावर चढून बोलला. मग रहिमतकडं वळला. "भाबी, सांग ह्याला."

रहिमत दोघांच्या मध्ये बसली होती. तिनं याकूबच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मी हरलो. खरं सांगायचं तर मला वाटलं, ज्याचा पाय आहे तो काही वाईट माणूस नाही. तो तर मागच्याला जपतोय.

५

असरची बांग व्हायची होती. याकूब फौजेतला खाकी सदरा घालून, केसाला तेल लावून तयार. मला म्हणाला, "भाई, एकदा शेवटचा बघून घे दिवा. वाटेत गेला तर भाऊसोंपुढं नाक कापलं जाईल."

मी नवा बल्ब बसवला. काच लावली. तो पुढं जाऊन बसला. दिवा लागला, भिंतीवर तांबडा उजेड पडला.

"लागला का, भाई?"

मी बाजूला झालो. बोलणार, एवढ्यात टपाच्या मागच्या बाजूला हातभर अभ्रकाची खिडकी असते, तिच्यातून माझी नजर आत गेली. अभ्रक पिवळं पडलेलं, नीट दिसत नव्हतं. ड्रायव्हरच्या जागी एकच डोकं होतं. पुढं वाकलेलं, पायाकडं बघत असल्यासारखं. त्या डोक्याला फेटा होता.

याकूबनं उभ्या जन्मात फेटा बांधला नाही.

"लागला का?" याकूबच विचारत होता, आवाज त्याचाच होता, जरा चिडलेला. मला शब्द फुटेना. दार वाजलं. तो उतरला आणि गाडीला वळसा घालून मागं, दिव्यापुढं, भिंतीपाशी येऊन उभा राहिला.

"काय भाई, बोलत का न्हाईस? लागलाय की झ्याक!"

लागलेला होता. त्याच्या खाकी सदऱ्यावर, दातांवर, सगळीकडं तांबडा उजेड. याकूब इथं माझ्यासमोर आणि दिवा लागलेला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याला घाई होती.

माझी नजर चाकाकडं गेली. उटी नव्हती. निघायचं म्हणून त्यानं आधीच काढून फूटबोर्डवर ठेवली होती. फौजेच्या गाड्यांना हातब्रेक चांगले असतात. चार वर्षांत नुसती दांडी ओढून उतरायची त्याला सवय लागली होती.

पुढून आवाज आला. थकलेला, धीर धरून धरून दमलेला. "लागला का रं?"

याकूबचा चेहरा खुलला. "आलं वाटतं भाऊसो! माझ्या जागेवर जाऊन बसलं बघ."

"याकूब, बोलू नको!" असं मी म्हणालो. म्हणालो की नुसतं मनात आलं, हे आजपर्यंत मला कळलेलं नाही. माझा हात त्याच्या बाहीला लागला एवढं नक्की. कापड बोटांत आलं होतं.

तो हसत पुढच्या बाजूला ओरडला, "लागला, भाऊसो! सोडा!"

भिंतीवरचा तांबडा उजेड गेला.

६

भाऊसो तेव्हा रस्त्यावर टांग्यातून उतरत होते. त्यांचा एक पाय अजून पायरीवर होता.

त्यानंतरचं मी सांगत नाही. रहिमतनं त्याला आंघोळ घालू दिली नाही कुणाला, आधी स्वतः त्याचा चेहरा पुसला, एवढंच सांगतो. जरिना आली होती, दाराशी बसून राहिली. तिच्या बापानं माझे पाय धरले. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

भाऊसो म्हणाले, "मिस्त्री, गाडी भंगारात घाला. न्हाईतर जाळा." मी ठेवली. लोकांना वाटतं मिस्त्रीचं डोकं फिरलं. वाटू दे.

पेडल आता वर असतं. बल्ब सकाळी थंडगार असतो. मी रोज बोट लावून बघतो. माझ्या हाळीनं अर्जुना गेला नव्हता, भाऊसोंच्या नावाची हाळी मिळाली तेव्हा गेला. त्याच्यावर मी रागवू शकत नाही, अल्ला गवाह आहे, खूप प्रयत्न केला. त्यानं शेवटपर्यंत पाय धरला होता.

चाळिसावा झाल्यावर एक दिवस रहिमत धुणं वाळत घालून आत आली आणि चुलीपाशी बसली. चूल पेटवेना. मी विचारलं, "काय झालं?"

"भिंतीकडं याकूब बोलला."

मी तिला खुळी म्हणालो नाही. "काय बोलला?"

"लागला, म्हणला."

तेव्हापासून मी दुपारी, सावली भिंतीवरून खाली उतरली की, त्या गाडीत जाऊन बसतो. दोन्ही चाकांना उट्या ठोकलेल्या असतात, मीच ठोकतो. तरी पेडलवर पाय ठेवतो आणि दाबतो. मागं भिंतीवर तांबडा उजेड पडतो. शेजारच्या गल्लीतली तार थांबते, नाहीतर मला ऐकू यायची थांबते.

"लागला का रं, याकूब?"

जरा वेळ जातो. मग मागून, गाडी आणि भिंत यांच्यामधून, हसरा आवाज येतो. "लागला, भाई. सोड."

मी कान देऊन बसतो. तिथं खाली बारीक खडी आहे. माणूस बाजूला झाला तर त्या खडीवर पावलं वाजतात. मला ती पावलं ऐकायची असतात. ती वाजत नाहीत.

"सोड की, भाई."

पाय थरथरायला लागतो, मांडीत गोळा येतो. घरातून रहिमत जेवायला हाक मारते. मी पाय उचलत नाही.

"आधी बाजूला हो, बाळा," मी म्हणतो. "मग बोल."